‘सध्या कुठे असता?’

“नोकरी गेली आणि माझी किंमतच संपली.” दादरच्या माझ्या समुपदेशन कक्षात हे वाक्य वारंवार कानी येते. डोंबिवलीहून आलेल्या एका गृहस्थांनी (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) ते बसताक्षणीच उच्चारले. वय ५२, कारखाना बंद पडून ८ महिने झालेले. ज्या सकाळच्या लोकलमध्ये ते वर्षानुवर्षे भजनी मंडळात टाळ वाजवत, तिच्या वेळेला ते आता स्टेशनकडे फिरकतही नसत, कारण कोणीतरी ‘सध्या कुठे असता?’ असे विचारील, ही धास्ती.

घराचे हप्ते आणि मुलीचे शिक्षण यांची चिंता खरी होती. नोकरी गेल्याचे दुःखही स्वाभाविक होते. ते पुसण्याचा प्रयत्न मी केला नाही.

त्यांचे वडील गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हजारोंना पुन्हा गिरणीत काम मिळाले नाही, त्यांत तेही होते. त्यांनी लालबागला भाजीची गाडी लावली. “त्यामुळे वडिलांची किंमत कमी झाली का?” असे मी विचारले, तेव्हा ‘नाही’ हेच उत्तर मला अपेक्षित होते. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “शाळेतून येताना मी रस्ता बदलत असे.”

नऊ वर्षांच्या मुलाने वडिलांना लावलेले माप आज तो स्वतःला लावत होता.

अशा वेळी ‘तुम्ही किती कर्तबगार आहात’ असा धीर देणे मी कटाक्षाने टाळते, कारण त्याने माप तेच राहते आणि पुढच्या अपयशाला माणूस पुन्हा कोसळतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत कृतीचे, कौशल्याचे मूल्यमापन जरूर करावे, पण त्यावरून संपूर्ण माणसाला गुण देऊ नयेत, असे सांगितले आहे. हे त्यांना पहिल्याच भेटीत पटले नाही. म्हणून आम्ही रोजचा एक सराव ठरवला: कोणी विचारले, तर ‘कारखाना बंद झाला, काम शोधतो आहे’ एवढेच सांगायचे. पहिल्यांदा सांगताना त्यांचा आवाज कापला होता.

नोकरी अजून मिळालेली नाही. गेल्या भेटीला ते वीस मिनिटे उशिरा आले. मंडळातल्या एका जुन्या सोबत्याशी दादरच्या फलाटावर बोलत उभे राहिले होते.