शिरक्यावर साय धरली, आता काय?

प्रश्न : सफरचंदाचा शिरका (व्हिनेगर) घातला. 10 दिवसांत वर सुरकुतलेली पांढरी साय आली. फेकून द्यावा का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : फेकू नका. पातळ, सुरकुतलेली साय म्हणजे रानटी यीस्ट. चमच्याने काढून टाका. हिरवी-काळी लव दिसली, तर मात्र सगळं ओतून द्या. साय धरण्याचं कारण बहुतेक एकच, फोडी वर तरंगत राहतात. त्या रोज लाकडी चमच्याने बुडवा. 1 किलो सफरचंदाला 2 लिटर उकळून गार केलेलं पाणी, 100 ग्रॅम साखर. बरणी काचेची, तोंडाला सुती फडकं. 3 आठवड्यांनी गाळून आणखी 6 आठवडे ठेवा. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत नको, माठाशेजारी बरी. पुढे जेलीसारखी गुळगुळीत चकती धरली, तर ती जपा, ते पुढच्या शिरक्याचं विरजण. लोणच्यात हा घरचा शिरका घालू नका. आंबटपणा मोजलेला नसतो.