डेमोक्रॅटांची भाऊबंदकी समजून घेताना

नवीन आहात म्हणून सांगतो, भाषणांवर जाऊ नका, मतदान बघा. टीव्हीवर अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षातले पुरोगामी आणि मध्यममार्गी एकमेकांवर तुटून पडतात, पण खरी झटापट कोणतं विधेयक आधी, यावर असते. २०२१ चंच घ्या. पायाभूत सुविधांचं विधेयक सिनेटने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाने, ऑगस्टमध्ये मंजूर केलं. प्रतिनिधिगृहातल्या, म्हणजे खालच्या सभागृहातल्या, पुरोगाम्यांनी ते नोव्हेंबरपर्यंत रोखून धरलं. ते एकदा सुटलं की सामाजिक खर्चाच्या विधेयकाला कोण विचारणार, ही धास्ती. (शेवटी विरोधात मत दिलं ते त्यांच्यातल्या फक्त ६ जणांनी, तेव्हा ‘गट’ हा शब्दही जपूनच वापरा.) धास्ती खरी ठरली. डिसेंबरात मध्यममार्गी डेमोक्रॅट सिनेटर जो मॅन्चिन यांनी सामाजिक खर्चाच्या विधेयकाला साफ नकार दिला. सिनेटमध्ये दोन्ही बाजू ५०-५० असताना अडवायला एक माणूस पुरतो. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच विधेयकाचा बराच छाटलेला अवतार मंजूर झाला, मॅन्चिन यांच्याच मताने.