तापल्यावर पदार्थ का प्रसरण पावतो?

प्रश्न : पदार्थ तापवला की त्याचे अणू अधिक जोराने कंप पावतात, त्यामुळे त्यांना अधिक जागा लागते आणि पदार्थ प्रसरण पावतो, असे शाळेत शिकवले जाते. माझी शंका अशी की, अणू आपल्या जागेपासून जेवढा एका बाजूला सरकतो तेवढाच दुसऱ्या बाजूलाही सरकत असेल, तर त्याची सरासरी जागा बदलण्याचे कारण नाही. मग दोन अणूंमधले अंतर वाढते कसे? की स्वतः अणूच फुगतो? (एक वाचक)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि शाळेतले ते उत्तर तिच्यापुढे पुरे पडत नाही. अणू दोन्ही बाजूंना अगदी सारखाच सरकत असता, तर पदार्थ कितीही तापवला तरी त्याची लांबी तसूभरही वाढली नसती. प्रसरणाचे खरे कारण कंपनाच्या जोरात नसून कंपनाच्या असमानतेत आहे.

आधी दुसरी शंका निकालात काढू. अणू फुगत नाही. अणूचा आकार त्याच्यातील इलेक्ट्रॉनांच्या रचनेवर ठरतो आणि ही रचना बदलायची तर साधारणपणे काही इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवरची ऊर्जा मोजण्याचे एकक) इतकी ऊर्जा लागते. उलट खोलीच्या तापमानाला एका अणूच्या वाट्याला येणारी उष्णतेची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या काही शतांश एवढीच असते. तेव्हा वाढते ते अणूंमधले अंतर.

आता लोखंडाच्या स्फटिकातील शेजारी-शेजारी असलेले दोनच अणू डोळ्यांसमोर आणा. त्यांच्या केंद्रकांमधले अंतर सुमारे ०.२५ नॅनोमीटर असते. या अंतरावर त्यांच्यातील आकर्षण आणि प्रतिकर्षण यांची तोंडमिळवणी झालेली असते. अणू याहून जवळ आले की त्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांच्या हद्दीत शिरू लागतात, आणि दोन इलेक्ट्रॉनांना एकच अवस्था व्यापता येत नाही या पाउलीच्या नियमामुळे प्रतिकर्षण एकदम भडकते. अणू दूर गेले तर मात्र त्यांना मागे खेचणारे आकर्षण तितक्या झपाट्याने वाढत नाही, आणि काही अंतरानंतर तर ते क्षीणच होत जाते. थोडक्यात, जवळ येण्याला सक्त मनाई आहे, पण दूर जाण्याला थोडी ढिलाई आहे.

ही परिस्थिती एका दरीसारखी आहे, जिची डावी भिंत जवळजवळ उभी आहे आणि उजवा उतार लांबवर पसरलेला आहे. दरीच्या तळाशी ठेवलेली गोटी हलकेच ढकलली, तर ती तळाच्या आसपास झुलत राहील. ढकलण्याचा जोर वाढवला की ती डाव्या भिंतीवर थोडीशीच चढून परत फिरेल, पण उजव्या उतारावर बरीच दूर जाईल आणि तिकडे रेंगाळेलही अधिक वेळ, कारण तिकडून तिला मागे ओढणारा जोर कमी आहे. तिच्या झोक्याचा मध्य आता तळाच्या बिंदूवर राहत नाही. तो उजवीकडे, म्हणजे अधिक अंतराच्या बाजूला सरकतो. तापमान वाढणे म्हणजे गोटीला अधिक जोर देणे आणि झोक्याचा मध्य सरकणे म्हणजेच प्रसरण. अणूंमधला बंध आदर्श स्प्रिंगसारखा, म्हणजे ताणताना आणि दाबताना सारखाच विरोध करणारा असता, तर उष्णता आणि कंपने असूनही प्रसरण शून्य राहिले असते.

मध्य किती सरकतो, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. एक मीटर लांबीचा लोखंडी गज १०० अंश सेल्सिअसने तापवला की तो सुमारे १.२ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे ०.१२ टक्क्याने. हीच वाढ दोन अणूंच्या अंतरावर वाटली, तर ती ०.०००३ नॅनोमीटर इतकी भरते. धातूंचे अणू मात्र साध्या तापमानालाही आपल्या अंतराच्या काही टक्के इतके हेलकावे घेत असतात. म्हणजे हेलकावा मोठा, आणि दोन बाजूंची वजावट होऊन जी लहानशी बाकी उरते तेवढेच प्रसरण. ‘अधिक जागा लागते’ हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते ते यासाठीच; ते खरे असते तर प्रसरण हेलकाव्याच्या प्रमाणात दिसायला हवे होते. माझ्या मते ही कल्पना वायूंकडून उसनी आणलेली असावी. वायूच्या रेणूंमध्ये बंध जवळजवळ नसतातच. ते अधिक वेगाने भिंतींवर आदळतात, आणि दाब तोच ठेवायचा तर आकारमान वाढू द्यावे लागते. दर अंशाला ते शून्य अंशाच्या आकारमानाच्या सुमारे १/२७३ पटीने वाढते. तेथे दरी नाही आणि तिच्या भिंतीही नाहीत.

दरी किती खोल आहे, यावर घन पदार्थाचे प्रसरण बरेचसे अवलंबून असते. बंध मजबूत असला की दरी खोल आणि अरुंद असते, म्हणून तेवढ्याच उष्णतेने गोटी फारशी वर चढत नाही. ३४०० अंशांच्या पुढे वितळणाऱ्या टंगस्टनची लांबी दर अंशाला दशलक्षात सुमारे ४.५ भागांनी वाढते, लोखंडाची १२, ॲल्युमिनियमची २३, आणि ३२७ अंशांनाच वितळणाऱ्या शिशाची सुमारे २९ भागांनी.

या सगळ्याला अपवादही आहेत. पाणी शून्य ते चार अंशांदरम्यान तापवले असता आकुंचन पावते; त्यात बर्फासारख्या पोकळ रचनेचे जे अवशेष असतात ते मोडून रेणू दाटीने बसतात, हे त्याचे कारण. त्याहून मला अधिक विलक्षण वाटतो तो झिर्कोनियम टंगस्टेट हा पदार्थ. तो निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सिअस, म्हणजे तापमानाची नीचतम मर्यादा) जवळपासपासून सुमारे ७७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापताना आकुंचनच पावत राहतो. त्याच्या रचनेत झिर्कोनियम आणि टंगस्टन यांच्या मधोमध ऑक्सिजनचा अणू असतो, आणि तो या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या आडव्या दिशेने हेलकावे घेतो. दोघांनी धरलेली दोरी मध्यभागी जोराने हलवली, की ती धरणारे हात एकमेकांकडे ओढले जातात. येथेही तसेच घडते. येथे कंपने वाढतात आणि पदार्थ लहान होतो, यावरून कंपन कोणत्या दिशेने होते आणि कोणत्या बाजूला झुकते हे किती महत्त्वाचे आहे ते ध्यानात येईल.

प्रश्न : धातूच्या पत्र्याला भोक पाडून पत्रा तापवला, तर भोक लहान होईल की मोठे? धातू सर्व बाजूंनी पसरणार असेल तर तो भोकातही पसरेल, असे वाटते. (एक विद्यार्थिनी)

उत्तर : भोक मोठे होईल. भोकाच्या कडेला असलेल्या अणूंची साखळी विचारात घ्या. प्रत्येक दोन अणूंमधले अंतर वाढले, म्हणजे साखळीची एकूण लांबी वाढली, आणि लांबी वाढली की वर्तुळही मोठे झालेच पाहिजे. भोक लहान व्हायचे तर कडेच्या अणूंना एकमेकांच्या जवळ यावे लागेल, आणि वर सांगितलेली उभी भिंत त्यांना तसे करू देत नाही. लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात ती याच आधारावर.

घट्ट बसलेले बरणीचे झाकण गरम पाण्याखाली धरले की सुटते, तेही यामुळेच. मात्र त्यातली मेख वेगळी आहे. साधी काचही दर अंशाला दशलक्षात सुमारे ९ भागांनी प्रसरण पावते, आणि पोलादाचे १२ भाग त्याहून फारसे जास्त नाहीत. पण पातळ धातू पटकन तापतो, तर जाड काच उष्णता सावकाश घेते. सात सेंटिमीटर व्यासाचे पोलादी झाकण ४० अंशांनी तापले, तर व्यास जेमतेम ०.०३ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे कागदाच्या जाडीच्या एक तृतीयांश. काच तापायच्या आत झाकण फिरवले तर तेवढी ढिलाई पुरते. पाण्याखाली फार वेळ धरून ठेवले तर काचही तापते आणि झाकणाला मिळालेली सवलत बरीचशी हातची जाते.