गाडीचं दुखणं : क्लचची केबल पुन्हा पुन्हा का तुटते?

प्रश्न : काका, मी तासगाव तालुक्यात गोठ्यागोठ्यावरून दूध गोळा करून संकलन केंद्रावर घालतो. शंभर सीसीची जुनी गाडी आहे, चार गिअर, सगळे पुढं दाबून पडणारे. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. परवा पहाटे कवलापूरच्या अलीकडं क्लचचा लिव्हर एकदम ढिला होऊन हातात आला. केबल तुटली होती. एका टेम्पोवाल्यानं कॅन नेले म्हणून दूध वाचलं, गाडी मी ढकलत नेली. जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, क्लचशिवायही गाडी चालवता येते. दुसरा म्हणाला, गिअरबॉक्स फुटेल. खरं काय? आणि वर्षाच्या आत ही दुसरी केबल. पहिली तुटली तेव्हा कंपनीचीच टाकली होती, मग तीही का तुटली?
(एक दूध संकलक, ता. तासगाव)

उत्तर : दादा, आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेतो, कारण पहिला प्रश्न तुमच्यावर परत येऊच नये असं मला वाटतं.

तुटलेली केबल टाकून दिली नसेल तर हातात घ्या. ती लिव्हरच्या बाजूला, निपलच्या अगदी बुडाशी तुटलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. क्लचची तार म्हणजे बारीक पोलादी तारांचा पीळ, आणि त्याच्या टोकाला ओतून बसवलेलं निपल, म्हणजे लिव्हरच्या खाचेत अडकणारी धातूची गुंडी. लिव्हर ओढला की तो आपल्या बोल्टाभोवती गोल फिरतो, तार मात्र सरळ रेषेत ओढली जाते. त्यामुळं लिव्हरच्या खाचेत निपलनं थोडं फिरावं लागतं. ते धुळीनं, गंजानं जाम झालं की दर वेळी तार त्याच एका जागी वाकते आणि सरळ होते. एक धागा तुटतो, मग दुसरा, उरलेल्यांवरचा ताण वाढत जातो आणि एका पहाटे राहिलेले एकदम जातात. तुमचं काम तर असं, की गोठ्यापाशी थांबायचं, माप घ्यायचं, पुन्हा निघायचं. सांगलीहून कराडला जाऊन येणारा माणूस जेवढा क्लच दाबत नसेल तेवढा तुम्ही दोन वस्त्यांत दाबता. ऐंशी लिटर दूध म्हणजे ऐंशी किलोच्या वरच वजन, कॅनचं वेगळं. गाडी उठवताना अर्धा क्लच धरावाच लागतो, आणि त्या वेळी तारेवर पूर्ण ताण असतो.

केबल कंपनीची घेतलीत हे चांगलं केलंत. पण केबल बदलणाऱ्यानं लिव्हर खोलून बघितला का? माझ्या गॅरेजात दूधवाले सकाळचा फेरा संपवून दहाच्या पुढं येतात, आणि केबलची तक्रार असली की मी पहिल्यांदा लिव्हरचा बोल्ट काढतो. आत बहुतेक वेळा काळी, वाळलेली पेस्ट असते. बोल्टाचं भोक झिजून लांबट झालेलं असतं, त्यामुळं लिव्हर वर-खाली हलतो आणि तारेला तिरका ओढ बसतो. गाडी कधी पडली असेल तर लिव्हर किंचित वाकलेला असतो, तेही तेच. नवी केबल अशा लिव्हरला लावली की ती पहिल्या दिवसापासूनच कापली जायला लागते. लिव्हर जास्त झिजला असेल तर तोही बदला. खाच साफ करा, निपलला बोटभर ग्रीस लावा आणि ते बोटानं फिरतंय याची खात्री करूनच लिव्हर बसवा.

दुसरी जागा आउटर, म्हणजे तारेवरची बाहेरची नळी. या जातीच्या केबलला बाउडन केबल म्हणतात. अर्नेस्ट बाउडन यानं तिचं पेटंट १८९६ साली घेतलं, आणि तत्त्व आजही तेच आहे : आतली तार जेवढ्या जोरानं ओढली जाते, तेवढ्याच जोरानं बाहेरचं आउटर दाबलं जातं. म्हणून आउटर चेपलं, फाटलं किंवा कुठं कोनात वळलं तर आतली तार घासते आणि क्लच जड होतो. तुमच्या गाडीला कॅनचा स्टँड आहे, हँडलला पिशव्या लटकतात, दोरीनं बांधाबांध होते. त्यात केबल कुठं आवळली गेलीय का बघा. हँडल पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं फिरवून बघा. कुठल्याही बाजूला केबल ताणली जाता कामा नये.

आणि एक विचारतो. कॅन धुताना गाडीवरही पाइप मारता का? लिव्हरजवळचं रबरी टोपण फाटलेलं असेल तर ते पाणी थेट आउटरमध्ये उतरतं. ते टोपण किरकोळ पैशात मिळतं, पण फाटलं की कोणी बदलत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेल घालायची माझी पद्धत सांगतो. केबल लिव्हरकडून सोडवायची. रिकाम्या दूधपिशवीचा एक कोपरा कापायचा, आउटरच्या तोंडावर तो उलट्या टोपीसारखा चढवून रबरानं घट्ट बांधायचा, आणि त्यात दोन चमचे इंजिन ऑइल ओतायचं. केबलचं तोंड वर राहील असं हँडलला बांधून ठेवायचं. आतली तार अधूनमधून वर-खाली करत राहायचं. तेल हळूहळू उतरतं आणि खालच्या टोकाला थेंब दिसायला लागतो. आधी काळं पाणी येतं, मग स्वच्छ तेल. काही केबलींना आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं, त्यांना तेल लागत नाही. घेताना दुकानदाराला विचारून घ्या. ग्रीस मात्र आउटरमध्ये भरू नका. ते धूळ धरून ठेवतं.

केबल सोडवलेलीच आहे तर इंजिनकडची क्लचची दांडीही हलवून बघा. ती स्प्रिंगच्या जोरावर फिरते, पण खरखरत असेल, अडकत असेल, तर केबलवरचा भार तिथून येतोय. तिच्या बुडाला तेल द्या.

आता तुमचा पहिला प्रश्न. क्लचशिवाय गाडी चालवता येते. आपल्या गाड्यांत गिअरची चाकं एकमेकांत कायम गुंतलेलीच असतात. गिअर टाकताना त्यांच्या बाजूचे दातरे सरकून एकमेकांत बसतात. त्यांच्यावर इंजिनचा ताण नसेल त्या क्षणी ते क्लचशिवायही सुटतात आणि बसतात. त्यामुळं चार-दोनदा, जपून केलेल्या अशा प्रवासानं गिअरबॉक्स फुटत नाही. रोज तसंच चालवलं तर दातऱ्यांचे कोपरे झिजतात आणि मग चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटायला लागतो.

पण कॅन भरलेले असताना हे करायचं नाही. मागं माणूस बसलेला असतानाही नाही. कॅन जवळच्या घरी ठेवा, आपल्याकडं कोणी नको म्हणत नाही. मग गाडीचं तोंड उताराकडं किंवा निदान सपाट, मोकळ्या रस्त्याकडं करा. न्यूट्रलमध्ये किक मारा, इंजिन थोडं गरम होऊ द्या. गाडीवर बसून दोन्ही पायांनी रेटा. चालत्या माणसापेक्षा जरा जास्त वेग आला की ॲक्सिलरेटर सोडलेला ठेवून पहिला गिअर ठामपणे दाबा. गाडी एक हिसका देईल. हँडल घट्ट धरलेलं असू द्या आणि हलकेच ॲक्सिलरेटर द्या. पुढच्या गिअरला पायानं आधीच थोडा दाब देऊन ठेवायचा आणि ॲक्सिलरेटर झटकन सोडायचा. गिअर स्वतःहून आत जातो. जबरदस्तीनं मारलेली लाथ मात्र गिअरबॉक्सला महागात पडते. खाली यायचं तर उलटं : वेग कमी करा, टाचेनं दाब द्या आणि ॲक्सिलरेटरला किंचित टिचकी द्या.

थांबणं सगळ्यात अवघड. गाडी गिअरमध्ये असताना चाक थांबलं की इंजिन हिसका देऊन बंद पडतं. म्हणून वेळेआधीच टाचेनं मागं येत न्यूट्रलपर्यंत या. तुमच्या गाडीत न्यूट्रल एका टोकाला आहे, ते सापडायला सोपं. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल असणाऱ्या गाड्यांत ते नेमकं हुकतं, त्या चालवणाऱ्यांनी आणखी अंतर ठेवावं. समोर अचानक जनावर आलं तर विचार करू नका, सरळ ब्रेक मारा. इंजिन बंद पडलं तर पडू द्या. माधवनगरच्या गर्दीत किंवा सिग्नलच्या रस्त्यानं जायचं असेल तर हा खटाटोप करू नका, तिथं ढकलणंच बरं.

तार निपलपाशी तुटली असेल तर आणखी एक उपाय आहे. सायकलच्या दुकानात स्क्रूनं आवळायचं निपल मिळतं. ते डिकीत किंवा सीटखाली ठेवा. वरचा आणि इंजिनकडचा, दोन्ही ॲडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करायचे स्क्रू) पूर्ण आत फिरवले की आउटर मागं सरकतं आणि वर पुरेशी तार मोकळी होते. तुटलेले धागे पक्कडीनं पिळून एकत्र करायचे, निपलमधून ओवायचे, स्क्रू जोर लावून आवळायचा. एवढ्यावर घरी पोचता येतं. क्लचचा ओढ मोठा असतो, स्क्रू सरकतो, त्यामुळं दुसऱ्या दिवशी नवी केबल टाकायचीच. आणि हा जुगाड पुढच्या ब्रेकच्या केबलला कधीही करू नका. क्लच सुटला तर गाडी अडते, ब्रेक सुटला तर माणूस जातो.

तुमच्यासारख्या रोज फिरणाऱ्याला माझा सल्ला : आजच दोन केबली घ्या. एक बसवा आणि दुसरी तिच्या शेजारून, त्याच वाटेनं, टाकीखालून ओढून सैल बांधून ठेवा. दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे धूळ-पाणी शिरणार नाही. लांबच्या प्रवासाला जाणारे गाडीवाले असंच करतात. पहाटे अंधारात टाकी उचलायची गरज पडत नाही, फक्त दोन टोकं बदलायची. वर लिव्हर, ॲडजस्टर आणि त्याचा नट, तिन्हींच्या चिरा एका रेषेत आणल्या की तार सरळ बाहेर निघते. बसवून झाल्यावर त्या चिरा पुन्हा मागं-पुढं करा, नाहीतर तार निसटते. दुकानात जाताना जुनी केबल सोबत न्या, एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या केबलींच्या लांबीत फरक असतो.

दर रविवारी ते रबरी टोपण मागं सारून, लिव्हर दाबून, बॅटरीच्या उजेडात निपलचं बूड बघा. एक जरी धागा उभा राहिलेला दिसला, बोटाला टोचला, तरी केबल बदला. लिव्हर एकाएकी जास्त ढिला वाटायला लागला तर बहुतेक वेळा धागे तुटायला लागलेले असतात. पुन्हा पुन्हा ॲडजस्टर आवळून तो ढिलेपणा झाकू नका.

प्रश्न : काका, मी मिरजेत कॉलेजला आहे, बाबांची दीडशे सीसीची गाडी वापरते. नवी क्लच केबल टाकल्यापासून इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. पुलावर चढताना जास्तच. केबल खराब निघाली का?
(एक विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : बाळ, केबल चांगली असेल, ती जास्त ताणून बसवलीय असं दिसतं. लिव्हर सोडलेला असतानाही तार ताठ असेल तर क्लच थोडा दाबलेलाच राहतो, क्लचच्या आतल्या, इंजिनचा जोर पुढं देणाऱ्या प्लेटा एकमेकींवर घसरतात आणि तो जोर चाकापर्यंत पोचत नाही. लिव्हरच्या टोकाला बोट लावून बघ. क्लच दाबायला सुरुवात होण्याआधी ते टोक मोकळं हलायला हवं, बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत हे १० ते २० मिलिमीटर दिलेलं असतं. तुझ्या पुस्तिकेतला आकडा बघ आणि तेवढी ढिलाई दे. वरच्या ॲडजस्टरवर नाही भागलं तर इंजिनकडचा नट सैल करावा लागेल, ते गॅरेजवाल्याकडून करून घे. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडं फिरवायला सांग, ढिलाई तेवढीच राहिली पाहिजे.

हे आजच कर, गाडी तशीच वापरत राहू नकोस. घसरणाऱ्या प्लेटा तापतात आणि जळतात. ढिलाई दिल्यावरही पुलावर इंजिन ओरडत राहिलं, किंवा जळका वास आला, तर प्लेटा गेल्या असं समज. मग बाबांना बरोबर घेऊन जा आणि इंजिनचं क्लच कव्हर उघडून प्लेटांची जाडी मोजून घ्या, न मोजता कोणी बदलायला सांगितल्या तर थांबा.