जीपीएस नंतर, आधी गाडीची पॉलिसी उघडा

साताऱ्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ३१, हातात पगार ४८ हजार, घरी पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. जूनमध्ये दीड वर्षाच्या बुलेटवरून मनाली-लेह करायचं आहे. त्यासाठी मोटरसायकलचं पन्नास हजारांचं जीपीएस 'नो कॉस्ट ईएमआय'वर घ्यावं का, असं विचारतात. यूट्यूबच्या व्हिडिओंतून पैसे वसूल होतील, हा त्यांचा हिशोब. पुढे ओघात लिहितात: सहलीचे ९० हजार बचत खात्यात आहेत, क्रेडिट कार्डाचं लाखभर देणं आहे पण महिन्याला पाच हजार न चुकता भरतो, आणि गाडीचा विमा पाच वर्षांचा आहे, त्यामुळे ती चिंता नाही.

जीपीएस घेऊ नका. उन्हात स्पष्ट दिसणारा स्क्रीन, हातमोज्यांसकट चालणारा टच, पावसाला दाद न देणं, हे त्याचे गुण खरे आहेत. पण एका सहलीसाठी पन्नास हजार? मनाली ते लेह हा एकच सलग महामार्ग आहे. घरातला जुना फोन घ्या, नकाशे आधीच डाउनलोड करा; फोनमधल्या जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. नवा फोन हँडलवर लावू नका. इंजिनाच्या कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलं आहे. सिम पोस्टपेड हवं, बाहेरचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. आणि यूट्यूबचं उत्पन्न हिशोबात धरूच नका.

आता विमा. पत्र वाचताना मी इथेच थांबलो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा असतो तो थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. शोरूममध्ये 'पाच वर्षं बघायला नको' म्हणून सांगतात आणि हे सांगत नाहीत, याचा मला खरोखर संताप येतो. तुमची दीड वर्षाची गाडी बहुधा सहा महिने या भागाशिवाय उघडी फिरते आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा चालू आहे का, तेही बघा. तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असतो, हॉस्पिटलच्या बिलासाठी नाही. आरोग्य विम्याचा आणि टर्म विम्याचा, म्हणजे तुमच्या मागे घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याचा, तर पत्रात शब्दही नाही. मुलगी दोन वर्षांची आहे हो.

कार्डाचं बघा. महिना साडेतीन टक्क्यांनी लाखावर व्याज ३,५००, त्यावर जीएसटी ६३०. तुम्ही पाच हजार भरता, मुद्दल फिटतं जेमतेम ८७०. आणि तुमचे ९० हजार अडीच-तीन टक्के वर्षाला कमावत पडून आहेत!

ते आजच कार्डात भरा. उरलेले दहा हजार पुढच्या दोन-तीन हप्त्यांत संपतील. मग तेच पाच हजार आणि हाताशी उरेल ते साठवा. त्यातून कुटुंबाचा आरोग्य विमा आणि किमान ५० लाखांचा टर्म विमा. गाडीचा विमा मात्र त्याआधी. विम्यात खंड पडलेली गाडी विमा कंपनी आधी तपासेल, त्याला वेळ लागू शकतो, म्हणून ते काम याच आठवड्यात सुरू करा. सहल सप्टेंबरमध्ये ठेवा. रस्ता तेव्हाही उघडा असतो. तोवर पैसे जमले नाहीत तर पुढच्या वर्षी जा.