ऑनलाइन कोर्स तयार करताना विद्यार्थ्यांचा अभिप्राय कधी घ्यावा आणि त्यातलं किती ऐकावं?

पहिल्या एक-दोन घटकांनंतर लगेच घ्या, शेवटाची वाट बघू नका. आणि कुठे अडलं ते विद्यार्थ्यांकडून ऐका, पण किती शिकले ते चाचणीवरून ठरवा. लगेच का? कारण कोर्सच्या शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरतात ते शेवटपर्यंत टिकलेले. तिसऱ्या व्हिडिओलाच ज्यांनी रामराम ठोकला त्यांचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचतच नाही. प्रत्येक घटकाखाली दोन प्रश्न पुरेत:

- नेमकं कुठे अडलं? (व्हिडिओचं मिनिट किंवा स्वाध्यायाचा क्रमांक)
- मग पुढे कसे गेलात?

'कोर्स कसा वाटला?' विचारलंत तर 'छान, सर' येतं, त्याचं करायचं काय? आलेली उत्तरं प्लॅटफॉर्मवरच्या नोंदींशी ताडा: व्हिडिओ कुठे थांबवला, कुठे मागे नेला. आवाज नीट येत नाही अशी एकच तक्रार आली तरी लगेच तपासा. 'फार भरभर शिकवता' हे मात्र बऱ्याच जणांनी एकाच जागेबद्दल म्हटलं तरच हात घाला, आणि तेव्हाही पुन्हा रेकॉर्डिंग करण्याआधी तिथे एक सोडवलेलं उदाहरण जोडून बघा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

फक्त 'स्वाध्याय कमी करा' ही मागणी सहजासहजी मान्य करू नका. हार्वर्डच्या भौतिकशास्त्र वर्गांवरच्या २०१९ च्या अभ्यासात (वर्ग प्रत्यक्ष होते, ऑनलाइन नव्हे) स्वतः प्रश्न सोडवून शिकताना विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं. चाचणीतले गुण मात्र व्याख्यान ऐकून मिळालेल्या गुणांपेक्षा जास्त होते.