फ्रँचायझीधारकांनी स्वतःची संघटना काढली तर कंपनी करार मोडू शकते का? (दादर ते बोरिवली आम्ही नऊ जण आहोत)

संघटना काढणं बेकायदा नाही, पण करारात 'कारण न देता नोटीस देऊन रद्द' असं कलम असेल तर कंपनी तुम्हाला काढू शकते, आणि खरं कारण कागदावर येणारच नाही. घटनेचं कलम १९ (संघटना करण्याचं स्वातंत्र्य) सरकारविरुद्ध चालतं, खाजगी कंपनीविरुद्ध सहसा नाही. फ्रँचायझीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नसल्याने सगळं करारावर येतं. असा करार कोर्ट सहसा जबरदस्तीने चालू ठेवायला लावत नाही. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस (१९९१) या गॅस वितरकाचा करार रद्द केल्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने नोटिशीच्या ३० दिवसांपुरतीच भरपाई मान्य केली होती. म्हणून आधी नऊही जणांचे करार शेजारी ठेवून वाचा. नोटिशीची मुदत प्रत्येकाची वेगळी निघू शकते.

दुसरा धोका लोकांच्या लक्षातच येत नाही: स्पर्धा कायदा, २००२. रॉयल्टीबद्दल (कंपनीला द्यायच्या हिश्श्याबद्दल) एकत्र निवेदन देणं वेगळं, पण 'वडापाव कुणीही पंचविसाच्या खाली विकायचा नाही' किंवा 'कंपनीचा माल कुणीच उचलायचा नाही' असं ठरवलंत तर त्याचं कलम ३ (स्पर्धा मारणाऱ्या संगनमतावर बंदी) लागू शकतं. औषधविक्रेत्यांच्या संघटनांना स्पर्धा आयोगाने दंड केलेत, काही ठिकाणी पदाधिकाऱ्यांनाही. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज पुरावा ठरतात, आणि तिथे कंपनीची रेसिपी किंवा खरेदीदर टाकले तर गोपनीयतेचा भंग वेगळाच.

मात्र करारात 'ठोस कारणाशिवाय रद्द नाही' असं असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे.